फ्लेमप्रूफ बॉक्सची फट

सॉल्व्हंट हाताळणाऱ्या कारखान्यात जाड धातूचे, कडेने बोल्ट आवळलेले फ्लेमप्रूफ (आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणारे) जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरी जोडायच्या पेट्या, असतात. ते हवाबंद असतात हा सर्रास आढळणारा गैरसमज. ज्वलनशील वाफ आत शिरणार, हे त्यांच्या रचनेत गृहीतच आहे. आत स्फोट झालाच तर बॉक्सने तो दाब सोसायचा. आणि झाकणाच्या फ्लँजमधल्या (झाकण आणि बॉक्स टेकतात त्या सपाट कडांमधल्या) बारीक फटीतून बाहेर पडेपर्यंत तप्त वायू इतका निवायला हवा, की बाहेरची वाफ पेटणार नाही.

म्हणून तपासणीचा जीव त्या फटीत. मर्यादा निर्मात्याच्या ड्रॉइंगमध्ये असते, बऱ्याचदा 0.2 मिमीच्या आतली. त्याहून जाड फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात कुठेही आत जाता कामा नये. झाकण उघडण्याआधी वर्क परमिट, गॅस टेस्ट, सप्लाय बंद करून कुलूप, आणि बॉक्सच्या पाटीवर लिहिला असेल तेवढा वेळ थांबणे. फ्लँजचे पृष्ठ मऊ फडक्याने पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावला की घासून फट वाढते. गंज धरू नये म्हणून न सुकणाऱ्या, निर्मात्याने सांगितलेल्या ग्रीसचा पातळ थर पुरतो.

खरा घात सद्हेतूने होतो. पावसाचे पाणी शिरते म्हणून कुणी सिलिकॉन भरतो, कुणी रबराचे गॅस्केट कापून बसवतो, कुणी फ्लँजवरही रंग फिरवतो. गॅस्केटने झाकण उचलले जाते, आणि ज्या फटीची चाचणी झाली ती उरतच नाही. (निर्मात्याचीच ओ-रिंग असेल तर गोष्ट वेगळी.) फटीसमोर पाइप किंवा भिंतही नको: गॅस ग्रुप (वायू किती सहज पेटतो त्यावरचा वर्ग) टू-बीला (IIB) किमान 30 मिमी, टू-सीला (IIC) 40 मिमी मोकळी जागा लागते.

आणखीही चुका सापडतात. एखादा बोल्ट गायब, किंवा स्टोअरमधला भलत्याच ग्रेडचा. न वापरलेल्या एंट्रीत (केबलच्या भोकात) वाहतुकीचे प्लास्टिकचे बूच तसेच. तिथे प्रमाणित धातूचा प्लगच हवा. ग्लँडचे (केबल आत घेताना घट्ट धरणाऱ्या जोडणीचे) किमान पाच पूर्ण आटे बसलेले असावेत. ‘डबल कॉम्प्रेशन’ (केबलला दोन ठिकाणी आवळणारा) म्हटले की ग्लँड फ्लेमप्रूफ झाला, असे नाही. त्यावरची खूण वाचा.

पाटीही वाचा. तिच्यावर तापमानाचा वर्ग असतो: टी-4 म्हणजे पृष्ठभाग 135 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. रेयॉनसाठी लागणारे कार्बन डायसल्फाइड मात्र 90 अंशांच्या आसपासच आपोआप पेटते. तिथे याहून कमी तापणारा टी-6 वर्ग लागतो.

भारतात अशा उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची) मान्यता लागते. ती नव्या, न छेडलेल्या बॉक्सची असते. बसवताना सविस्तर तपासणी, मग नियमित तपासण्यांत साधारणपणे तीन वर्षांहून जास्त अंतर नको. हातात घेऊन फिरवायच्या दिव्यांसारख्या उपकरणांची दर वर्षी.