पुढचे पाय आधी फुटलेत, तरी कार्ड बरोबर आहे

आमचा उभयचरांचा कार्डसंच घेतलेल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

दर आठवड्याला एक तरी फोन येतोच. "कार्ड क्रमांक २३ चुकीचं छापलंय. पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, तुम्ही पुढचे दाखवलेत. संच बदलून द्या." काही जण फोनही न करता संच कुरियरने ठाण्याला परत पाठवतात. आम्ही तो उघडतो, ६० कार्डं मोजतो, सगळी जागच्या जागी असतात, मग तोच संच पुन्हा तुमच्याकडे रवाना करतो. यात आठ दिवस जातात आणि तेवढे दिवस मुलांचा खेळ बंद.

बेडकाच्या बाबतीत तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. पण २३ नंबरचं पिल्लू बेडकाचं नाही, सॅलॅमँडरचं, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचराचं आहे.

बेडूकमाशाचे मागचे पाय आधी दिसतात. पुढचेही वाढत असतात, पण कल्ल्यांवरच्या कातडीखाली झाकलेले. ते कातडी भेदून बाहेर आले की शेपूट जिरायला लागते. सॅलॅमँडरच्या पिल्लाचे पुढचे पाय उघड्यावरच वाढतात, मागचे नंतर येतात आणि शेपूट जन्मभर राहते. म्हणून अंडं, पिल्लू, प्रौढ अशी कार्डांची साखळी लावताना मुलांना पाय मोजायला लावू नका, मानेकडे बघायला सांगा. दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले बाहेर आलेले दिसले तर ते सॅलॅमँडर. बेडूकमाशालाही अगदी सुरुवातीचे थोडे दिवस बाहेरचे कल्ले असतात, पण पाय फुटेपर्यंत ते झाकले गेलेले असतात. पाय आणि पिसारी कल्ले एकाच चित्रात दिसले की शंका उरत नाही.

मग पिल्लाच्या कार्डावर नावच का छापत नाही? पहिल्या नमुन्यात छापलं होतं. मुलं नावाला नाव जुळवून पाच मिनिटांत डाव संपवायची, चित्राकडे कुणी बघतच नव्हतं. आता नाव फक्त प्रौढाच्या कार्डावर आहे, आणि पूर्ण उत्तरं डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही, हेही अनेक जण सांगतात. खरं आहे. आपल्या देशात तो दार्जिलिंग-सिक्कीमपासून ईशान्येच्या डोंगरांत आढळतो. दार्जिलिंगजवळचं जोरपोखरी अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. तरी आम्ही तो आग्रहाने ठेवलाय, कारण मुलं त्याला हमखास पाल समजून सरपटणाऱ्यांच्या गटात टाकतात. अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत, अंड्याला कवच नाही, हे त्यांनी एकदा स्वतः शोधलं की उभयचर म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

झुडपी बेडकाची साखळी दोनच कार्डांची आहे, त्यातलं काही हरवलेलं नाही. या बेडकांत पाण्यात पोहणारं पिल्लू नसतंच, अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो. मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलोट्लही तसाच अपवाद असलेला सॅलॅमँडर: कल्ले न टाकताच तो प्रौढ होतो, अंडीही घालतो. त्याचं कार्ड पिल्लू आणि प्रौढ, दोन्ही जागी चालतं.

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या डबक्यांपाशी संच घेऊन जरूर जा. चित्राशी जुळवा, पण बेडूकमासे बाटलीत भरून घरी आणू नका. हाताला साबण किंवा मच्छर पळवणारं मलम असेल तर पाण्यात हातही घालू नका, बेडकांची कातडी सगळं शोषून घेते.

ज्यांना आपल्याकडचेच प्राणी जास्त हवेत त्यांच्यासाठी २० कार्डांची सह्याद्री पुरवणी आहे. तिच्यात मलबारचा उडणारा बेडूक, २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला आंबोली टोड आणि गांडुळासारखं दिसणारं पण उभयचरच असलेलं देवगांडूळ आहे. ती मूळ संचात मिसळूनच खेळायची. शाळांनी एकदम पाच संच घेतले तर एक पुरवणी आमच्याकडून.

एखादं कार्ड खरंच हरवलं किंवा फाटलं तर अख्खा संच पाठवू नका. कोपऱ्यातला क्रमांक डब्यावरच्या नंबरवर कळवा, तेवढंच कार्ड १० रुपयांत पोस्टाने येईल. छपाईची शंका असेल तर आधी झाकण उलटून बघा, आणि तरीही पटलं नाही तर कार्डाचा फोटो पाठवा.