हिमवृष्टीतील वायपर

मोटारीच्या पुढच्या काचेवरचा वायपर पावसाचे पाणी पुसतो. बर्फ मात्र त्याला ढकलावा लागतो. जोरदार हिमवृष्टीत तो कमी का पडतो, याचे बरेचसे उत्तर याच फरकात आहे. रबरी पट्टीची बारीक धार काचेवर कललेली असते आणि फेरीच्या प्रत्येक टोकाला ती उलट्या बाजूला कलते. थंडीत रबर ताठर होते, धार वेळेवर उलटत नाही, पट्टी थडथडत सरकते आणि काचेवर फराटे राहतात.

गंमत अशी की या साधनाचा जन्मच बर्फामुळे झाला. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाला समोरचे दिसावे म्हणून थंडी सोसत काच उघडावी लागते, हे पाहिले. आत बसून दांड्याने फिरवता येईल अशा रबरी पट्टीचे पेटंट त्यांना १० नोव्हेंबर १९०३ रोजी मिळाले. हिवाळा संपल्यावर ती काढून ठेवण्याची सोयही त्यात होती. पुढे वायपर बारमाही झाला आणि त्याची घडण पावसाला धरून होत गेली.

जुन्या पद्धतीच्या वायपरमध्ये पट्टीला धरणाऱ्या धातूच्या लहान कमानी एकमेकींना सांध्यांनी जोडलेल्या असतात. दांडीचा दाब त्या पट्टीभर वाटतात आणि काचेच्या बाकानुसार पट्टीला वळू देतात. ओला बर्फ या सांध्यांत शिरून गोठला की सांगाडा आखडतो, पट्टी काचेला काही ठिकाणीच टेकते आणि मध्ये पुसटसा पडदा उरतो. दोष रबराचा वाटतो, पण नवी पट्टी बसवूनही तो जात नाही. म्हणून हिवाळी वायपरमध्ये सगळा सांगाडा रबरी खोळीत बंद केलेला असतो. खोळीमुळे तो जड आणि जाड होतो, त्यामुळे ऋतू बदलल्यावर बहुधा काढून ठेवतात. सांगाडाच नसलेल्या चपट्या वायपरमध्ये आतली पोलादी स्प्रिंगपट्टी दाब देते. त्यात गोठायला सांधे नसतात, तरी पट्टीवर बर्फ चढायचा तो चढतोच.

बर्फ कोणता, यावर पुष्कळ अवलंबून असते. शून्याच्या बऱ्याच खाली पडणारा कोरडा, भुरभुरीत बर्फ थंड काचेला फारसा चिकटत नाही. धावत्या गाडीवरून तो वाऱ्यानेच उडतो. अशा वेळी काचेवर गरम हवा सोडली तर तो वितळतो आणि ते पाणी गार पट्टीवर जाऊन गोठते. चालकाचा हात आधी हीटरकडेच जातो, आणि कोरड्या बर्फात तो कधीकधी नडतो. शून्याच्या आसपासच्या जड, ओल्या बर्फात मात्र काच तापवण्यावाचून गत्यंतर नसते.

ढकललेला बर्फ काचेच्या तळाशी आणि कडेच्या खांबापाशी साचतो. प्रत्येक फेरीत तो आणखी दाबला जातो, शेवटी वायपर आपल्या विसाव्याच्या जागी पोचू शकत नाही. मोटर मात्र जोर लावतच राहते. मग फ्यूज जातो किंवा दांडीचे जोडकाम निसटते. युरोपीय नियमांनुसार वायपर सलग १५ सेकंद अडला तरी यंत्रणेने ते सोसले पाहिजे. काही गाड्यांत विसाव्याच्या जागी काचेत तापणाऱ्या तारा असतात. बॉनेटच्या आड दडणाऱ्या वायपरची खाच बर्फाने भरली की तो बाहेर निघणेच अवघड होते. गाडी थांबवण्यापूर्वी वायपर बंद केलेला बरा. चालू राहिला, तर सकाळी इंजिन सुरू होताच मोटर गोठून चिकटलेल्या पट्टीला हिसका देते आणि रबराची धार फाटू शकते.

काच धुण्याच्या पाण्यात अल्कोहोल मिसळतात, त्यामुळे ते गोठत नाही. पण वाऱ्यात अल्कोहोल लवकर उडून जाते, उडताना काच आणखी गार करते आणि मागे राहिलेले पाणी गोठते. बाटलीवर छापलेले तापमान म्हणूनच धावत्या गाडीच्या काचेवर टिकेल असे नाही. स्वस्त मिथेनॉल विषारी आहे. युरोपीय संघात २०१८ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रवात त्याचे प्रमाण ०.६ टक्क्यांपेक्षा कमीच ठेवावे लागते.