विळीच्या मुलखात चॉपिंग बोर्ड

जळगाव-धुळ्याच्या भांडी बाजारात आज चॉपिंग बोर्ड सहज मिळतो. प्लास्टिकचा, बांबूचा, सागाचा, हवा तसा. पण आजेसासूकडून सुनेकडे आलेल्या सामानात पोळपाट असतो, पाटा-वरवंटा असतो, खलबत्ता आणि विळी असते. भाजी चिरायची फळी नसते. तिची गरजच पडली नाही.

विळीतही लाकूड आहे, पण ते बसायचं. फळीवर पाय दाबून बसायचं, पातं समोर उभं, आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर सारायची. फोडी खालच्या परातीत. पातं लाकडावर आपटत नाही, त्यामुळे धार टिकते. मेथीची जुडी असो, गवारीची मूठ असो की डांगराची दणकट फोड, अवजार तेच. कोकणात विळीला नारळ खवायची खवणी लागतेच. खान्देशी काळ्या मसाल्यात सुकं खोबरं भाजून वाटायचं असतं, त्यामुळे इथे बिनखवणीच्या विळीचं काही अडत नाही.

इथल्या सगळ्यात नावाजलेल्या पदार्थात तर वांगं चिरलंच जात नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं, साल काढायची आणि कोरलेल्या लाकडी बडगीत घालून ठेचायचं. सुरीने चिरलेल्या वांग्याचं भरीत यावल तालुक्यातल्या बामणोदला कुणी भरीत म्हणून खाईल असं वाटत नाही.

लाकडावर ठेवून कापायची खरी जुनी रीत पाहायची तर मटणाच्या दुकानात जावं. तिथला ओंडका म्हणजे झाडाच्या खोडाचा आडवा कापलेला जाड तुकडा, बहुतेक चिंचेचा. चिंचेचं लाकूड घट्ट आणि गुंतलेल्या रेषांचं, म्हणून ते सहज फुटत नाही आणि मटणात कपचे येत नाहीत. शिवाय ओंडका असा ठेवलेला असतो की लाकडाचे तंतू वर तोंड करून उभे राहतात. सत्तूर पडला की तंतू बाजूला होतात आणि पुन्हा मिटतात. लाकूड कमी झिजतं, धारही कमी बोथटते. फळी खोडाच्या लांबीने कापलेली असेल तर तंतू आडवे पडतात आणि दर घावाला तंतूच तुटतात. महागड्या बोर्डात लाकडाचे छोटे चौकोन उभे जोडलेले असतात, त्यामागे हेच गणित आहे. आपल्याकडच्या खाटकाला ते कुणी शिकवावं लागलं नाही.

चीनमध्ये घरचा स्वयंपाकही याच वाटेने गेला. हान काळातल्या (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) थडग्यांमधल्या कोरीव दगडांवर बुटक्या फळीवर मासे-मांस कापणारे आचारी दिसतात. जपानी मानाइतालाही, म्हणजे तिथल्या चिरायच्या फळीलाही, पूर्वी पाय असत. युरोपात लाकडी मेज आणि खाटकाचा ठोकळा होताच.

आपल्याकडे बदल झाला तो ओट्यामुळे. चूल जमिनीवर होती तोवर बसून चिरणं सोयीचं होतं. इंडेनचा गॅस 1965 साली सुरू झाला, पुढे शहरांतून गॅस पसरला, शेगडी ओट्यावर चढली आणि बाई उभी राहिली. उज्ज्वला योजना 2016 ची, म्हणजे खेड्यापाड्यांत हे अगदी अलीकडचं. उभ्याने विळी चालवता येत नाही. मग हातात सुरी आली, आणि सुरीखाली काय ठेवायचं, तर पोळपाट पालथा घालायचा! कित्येक घरांतला पहिला चॉपिंग बोर्ड हाच, आणि त्याच्यावर पडलेल्या चिरांवरून झालेली बोलणीही तितकीच जुनी.

प्लास्टिकची गोष्ट वेगळी. पॉलिथिलिन 1933 साली इंग्लंडमध्ये योगायोगाने हाती लागलं. बोर्डाला लागणारं टणक पॉलिथिलिन 1953 साली जर्मनीत कार्ल झिगलर यांच्या शोधातून आलं. प्लास्टिक पाणी शोषत नाही, म्हणून ते लाकडापेक्षा स्वच्छ, असा समज रुजला. हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांत रंगही ठरले: कच्च्या मटणाला लाल, माशाला निळा, सॅलडला हिरवा. पाइप आणि चटयांच्या कारखान्यांच्या जळगावला प्लास्टिकचं वावडं असण्याचं कारणच नव्हतं.

या समजाला धक्का दिला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डीन क्लायव्हर यांनी. 1990 च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बोर्डांवर जिवाणू सोडून पाहिले. लाकडात ते आत शोषले गेले, वाढले नाहीत आणि हळूहळू मेले. नवं प्लास्टिक धुऊन साफ होत होतं; पण सुरीच्या चिरा पडलेलं जुनं प्लास्टिक हाताने धुऊन साफ होईना. याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा नाही, आणि कच्च्या मटणाची फळी वेगळी हवीच. 2023 साली आणखी एक अंदाज आला: पॉलिथिलिनच्या बोर्डावर चिरताना सुटणारे सूक्ष्म कण माणशी वर्षाला सुमारे 7 ते 50 ग्रॅम भरू शकतात. त्यांतले पोटात किती जातात, हा प्रश्न निराळा.

तेव्हा लाकडाकडे परतणाऱ्यांची समजूत चुकीची नाही. फक्त पाडलेल्या वाड्याचा साग स्वस्तात मिळतो म्हणून सुताराकडून त्याचीच फळी करून घेऊ नये. जुन्या दारा-चौकटींना रंग, पॉलिश, वाळवीचं औषध, काय काय लागलेलं असतं. नवं लाकूड घ्यावं, वापरल्यावर धुवावं आणि भिंतीला उभं टेकवून वाळवावं.