नेक्टरीन हे पीच आणि प्लम यांचे संकर नव्हे

‘गुळगुळीत सालीचे नेक्टरीन हे फळ पीच आणि प्लम यांच्या संकरातून तयार केले आहे’ अशी माहिती वर्षानुवर्षे फिरत आहे. साल प्लमसारखी आणि गर पीचसारखा असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविकच आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

नेक्टरीन हे पीचच आहे, शास्त्रीय नाव दोघांचेही प्रुनस पर्सिका. सालीवर लव येणे हा प्रभावी जनुकाचा गुण असून, त्याचे अप्रभावी रूप आई-वडील दोन्हींकडून आले की लव येत नाही. म्हणूनच लव असलेल्या पीचच्या बीतून कधी नेक्टरीनचे झाड उगवते. क्वचित तर फांदीवरील डोळ्यात (कळीत) झालेल्या उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातील अचानक बदलामुळे, पीचच्याच एखाद्या फांदीला नेक्टरीन लागतात.

पडताळणी घरीही करता येते. फळ कापून कोय पाहावी: प्लमची कोय बरीचशी गुळगुळीत व चपटी असते, तर नेक्टरीनच्या कोयीवर पीचप्रमाणेच खोल खाचा आणि खळगे असतात. झाड पाहायला मिळाल्यास लांब, भाल्याच्या पात्यासारखी पाने हीही पीचचीच खूण होय. लागवडीतही छाटणी आणि हिवाळ्यातील थंडीची गरज पीचसारखीच असते. फक्त लव नसल्याने साल डागाळण्याची शक्यता अधिक, त्यामुळे फळांची हाताळणी जपून करावी लागते.