तागाझूतची टॅक्सी: सीट आणि स्पेशल यांतला घोळ

मोरोक्कोतल्या अगादीर शहराजवळ तागाझूत हे सर्फिंगचं गाव आहे. 'अगादीरहून तागाझूतला टॅक्सीने किती लागतात?' असं कुणी विचारलं की दोन उत्तरं येतात. एक रक्कम दुसरीच्या जवळजवळ सहापट असते. मग सांगणारे एकमेकांना खोटं पाडतात आणि शेवटी सगळं खापर तिथल्या ड्रायव्हरांवर फुटतं. खरं तर दोघांचंही बरोबर असतं. एकाने सीटचं भाडं सांगितलेलं असतं, दुसऱ्याने अख्ख्या गाडीचं.

तिथे टॅक्सी दोन प्रकारची, पेती आणि ग्राँ. त्यांतला फरक पटकन उरकतो, कारण पेती टॅक्सी म्हणजे आपल्या ओळखीची मीटरची टॅक्सी. गाडी लहान, प्रवासी तीन, रात्री भाडं जास्त. अगादीरमध्ये तिचा रंग नारिंगी. तिला शहराची हद्द ओलांडायची परवानगी नसते. तागाझूत उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर आहे आणि अगादीरचा अल मसिरा विमानतळही शहराबाहेर, त्यामुळे दोन्हीकडे शहराबाहेर जाणारी ग्राँ टॅक्सीच लागते.

माणसं अडखळतात ती यापुढे. ग्राँ टॅक्सी ही गाडी एकच, पण ती घ्यायच्या तऱ्हा दोन. आपल्याकडचं वडाप आठवा: सीटवर बसलात तर गाडी भरेपर्यंत थांबायचं, स्पेशल केलीत तर लगेच निघायचं. इथेही तसंच. गाडी सहा प्रवाशांची. जुन्या मर्सिडीजमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघं आणि मागे चौघं दाटीवाटीने बसायचे, आता बऱ्याच ठिकाणी सात आसनी डासिया दिसतात. सहा जण जमले की गाडी सुटते. पाचावर अडली आणि घाई असली, तर सहाव्या सीटचे पैसे आपण भरायचे आणि निघायचं. स्थानिक लोकही असंच करतात. स्पेशलचा हिशेबही यातूनच निघतो: सहा सीटांचं भाडं, आणि त्यावर सामान, रात्र किंवा वाट वाकडी करण्याचे थोडे जास्त.

गैरसमज स्टँडवर होतो. पाठीला मोठी बॅग लावलेला परदेशी माणूस येऊन नुसतं 'तागाझूत' म्हणाला की ड्रायव्हर त्याला स्पेशलचं गिऱ्हाईक समजतो आणि त्या हिशेबाने रक्कम सांगतो. यात फसवणूक नाही. सीट हवी असेल तर तोंडाने मागावी लागते: 'ब्लासा', म्हणजे जागा, असं म्हणायचं आणि एक बोट दाखवायचं. मग गाडी तागाझूतपर्यंत जाते की अवरीरलाच थांबते, तेही विचारून घ्या. अवरीर वाटेतच आहे. तिथे उतरावं लागलं तर पुढे दुसरी गाडी मिळते.

सीटच्या भाड्यात घासाघीस करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शेजारी बसलेली मावशी जे देते तेच आपण द्यायचं. घासाघीस स्पेशलमध्ये, तीही गाडीत बसण्याआधी आणि सर्फबोर्ड असेल तर त्याच्यासकट. बोर्ड टपावर बांधला जातो, त्याचे वेगळे पैसे मागितले जाऊ शकतात, आणि तागाझूतला उतरल्यावर हा विषय निघाला की भांडण ठरलेलं. पट्टे स्वतःचे न्या. दोरी थेट बोर्डाच्या कडेवर आवळली तर अँकर पॉइंट या तिथल्या सर्फिंगच्या जागेवरची पहिली लाट घेण्याआधीच बोर्डाला चीर पडते.

माझं मत स्पष्ट आहे. एकटे असाल, पाठीवर एक बॅग असेल आणि अगादीर शहरातून निघत असाल, तर सीटच घ्या. बोर्ड असेल, तिघं-चौघं असाल किंवा अंधार पडला असेल, तर स्पेशल. विमानतळावरून तर स्पेशलच धरून चाला. तिथून तागाझूत चाळीसेक किलोमीटर पडतं आणि रात्रीच्या विमानानंतर सीट शोधत उभं राहण्यात काही अर्थ नाही. सर्फ कॅम्पने पाठवलेली गाडी ही तिसरी सोय. तिचं भाडं स्पेशलशी ताडून बघा, सीटशी नाही.

स्वतः गाडी भाड्याने घेणार असाल तर एवढंच: तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि लाटांच्या मोसमात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, गावात गाडी लावायला जागा मिळणं कठीण.

आणि सीटने जाणार असाल तर २०० दिरहमची नोट आधीच मोडून ठेवा. ड्रायव्हरकडे सुटे नसले तर मागचे पाच जण तुमच्यासाठी खोळंबतात.