इंग्रजीतला ठाम नकार : रूढ शब्दजोड्या

तीव्र अनिच्छा किंवा ठाम नकार सांगताना इंग्रजीत ठरावीक शब्द ठरावीक सोबत्यांबरोबरच येतात. अशा रूढ जोडीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. मराठीत झाड हिरवंगार असतं, पण रात्र काळीगार नसते, काळीकुट्ट असते. विरोध कडाडून होतो. नकार मात्र साफ किंवा सपशेल असतो. यामागे व्याकरणाचा नियम नाही, वहिवाट आहे. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला. (लंडनला शिकवण्याआधी, १९२०च्या दशकात, ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.) २००२ साली ऑक्सफर्डने विद्यार्थ्यांसाठी निव्वळ शब्दजोड्यांचा कोश काढला.

‘रिफ्यूज’ या क्रियापदाचा नेहमीचा सोबती ‘फ्लॅटली’. फ्लॅट म्हणजे सपाट, आडपडदा नसलेलं. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ आपल्या फाटक्यातुटक्या शिपायांना घेऊन कॉव्हेंट्रीतून जायला नकार देतो आणि वर ‘दॅट्स फ्लॅट’ म्हणतो. म्हणजे हा सपाटपणा चारशे वर्षांहून जुना आहे. ‘पॉइंट ब्लँक’ तोफखान्यातून आला : निशाण इतकं जवळ की तोफेचं तोंड वर उचलावंच लागत नाही. हा सोबती सहसा क्रियापदाच्या मागून येतो, ‘शी रिफ्यूज्ड पॉइंट ब्लँक’. ‘स्ट्राँगली रिफ्यूज’ म्हटलं तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याला खटकतं. ‘स्ट्राँगली’ शोभतो ‘अपोज’ला.

‘रिलक्टंट’चं गणित वेगळं. त्याच्या मुळाशी झुंजणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. असा माणूस ‘डीपली’ किंवा ‘एक्स्ट्रीमली’ रिलक्टंट असतो, ‘फ्लॅटली’ कधीच नाही, कारण त्याने अजून नाही म्हटलेलं नसतं. त्याच्या फक्त जिवावर आलेलं असतं. कुरकुरत का होईना, तो ‘रिलक्टंटली अग्री’ करू शकतो. विरोध ‘व्हेहेमंटली’ किंवा ‘बिटर्ली’ होतो. बोलण्यात ‘डेड अगेन्स्ट’ही चालतं. इथला ‘डेड’ आणि आपल्या ‘ठार बहिरा’तला ‘ठार’ यांचं काम एकच, मृत्यूशी दोघांचाही संबंध उरलेला नाही.

मराठी माणूस हमखास अडकतो तो ‘नाकारणे’पाशी. आरोपही नाकारतो, निमंत्रणही नाकारतो, आणि मग ‘ही डिनाइड टु कम’ असं लिहून बसतो. इंग्रजीत ‘डिनाय’ म्हणजे गोष्ट खरी नाही असं सांगणं. त्याची जोडी ‘कॅटेगॉरिकली’शी, आणि ती पुढाऱ्यांच्या खुलाशांत इतकी झिजली आहे की आता तिच्यात फारसा जोर राहिलेला नाही. यायला नकार दिला तर ‘रिफ्यूज्ड टु कम’, निमंत्रण नम्रपणे परत केलं तर ‘पोलाइटली डिक्लाइन्ड’. ‘फ्लॅटली डिक्लाइन’ व्याकरणाने अशुद्ध नाही, पण ‘डिक्लाइन’मधला अदबीचा सूर त्यात मोडतो.

‘लोथ’ हे विशेषण ‘आय ॲम लोथ टु’ या साच्यात येतं : काही करणं जिवावर येणं. शेवटी ‘ई’ लागला की ते क्रियापद होतं, उच्चार ‘लोद’च्या जवळ जातो आणि अर्थ होतो मनापासून तिरस्कार करणे. छापील मजकुरातही या दोघांची अदलाबदल होते.

‘बॉक ॲट’ ही जोडी शेतातून आली आहे. ‘बॉक’ म्हणजे मुळात नांगर न फिरवता सोडलेली पट्टी, आपल्या बांधासारखी. पुढे तो शब्द अडथळ्याला लागला, आणि मग अडथळ्यापाशी पाय रोवून थबकणाऱ्या घोड्याला. किंमत ऐकून गिऱ्हाईक थबकलं तरी आज हेच क्रियापद वापरतात. मराठीतला अडेलतट्टूही घोड्याच्याच जातीचा.