प्रोटॉन केवढा? मोजमापाकडून गणिताकडे

प्रोटॉन हा निव्वळ बिंदू नाही, याची चाहूल १९३३ साली लागली. ऑटो स्टर्न यांनी त्याची चुंबकीय ताकद मोजली, तर ती अपेक्षेच्या सुमारे अडीच पट भरली. १९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रोटॉनचा आकारच मोजला. त्रिज्या निघाली एका फेमटोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही, थोडी कमी.

ती तेवढीच का, हे सांगू शकणारा, प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचा सिद्धांत १९७३ च्या सुमारास आकाराला आला. त्याची समीकरणे मात्र इथे कागदावर सुटत नाहीत. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अखंड अवकाश-काळाच्या जागी बिंदूंची जाळी मांडली आणि प्रश्न संगणकाच्या आवाक्यात आणला.

प्रोटॉनचे वस्तुमान २००८ पर्यंत या वाटेने समाधानकारक निघाले. त्रिज्या हट्टी ठरली. प्रोटॉनला धक्का दिला की त्याचा प्रतिसाद धक्क्याच्या जोराबरोबर घटतो. त्या घसरणीचा अगदी शून्य धक्क्यापाशी जो उतार, त्यावरून त्रिज्या मिळते. पण गणनेत जाळी जेवढ्या जागेवर पसरते ती पेटी काही फेमटोमीटरचीच असते आणि एवढ्याशा पेटीत सर्वांत हलका धक्काही बराच जोराचा पडतो. त्यात प्रोटॉनचा संकेत बघता बघता गोंगाटात बुडतो. भरीला, पोकळीत क्षणभर उपजणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचा वाटा काढणे फार खर्चिक. म्हणून अनेक वर्षे प्रोटॉन वजा न्यूट्रॉन एवढेच काढले जाई. अप आणि डाऊन हे या दोघांतले दोन प्रकारचे क्वार्क सारख्याच वस्तुमानाचे धरले, तर त्या वजाबाकीत हा वाटा उडून जातो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते, पण तिने एकट्या प्रोटॉनची त्रिज्या हाती येत नाही.

आणि नेमकी तीच २०१० मध्ये निकडीची झाली. स्वित्झर्लंडमध्ये इलेक्ट्रॉनऐवजी म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, असलेल्या हायड्रोजनवरून ती ०.८४ फेमटोमीटर निघाली. तोवरचा मान्य आकडा होता ०.८८. पुढे जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने त्या जोड्यांसकट प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे वेगवेगळे गणित केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर ०.८२० आहे, स्पष्टपणे लहान प्रोटॉनच्या बाजूचे. त्यातली अनिश्चितता ०.०१४ आहे, म्यूऑनच्या प्रयोगातली सुमारे ०.०००४.